संकासुराचा ताप

दौलत परबांच्या ड्रेपरीत राजे आणि राक्षस एकाच दांडीवर टांगलेले असत. लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावरची ती लांबट खोली. भिंतीला पत्र्याच्या पेट्या, छताखाली बांबूच्या दांड्या, त्यांवर अंगरखे, शेले, झुली, आणि दाराशी शिवणयंत्र. नाटकाला, शाळेच्या गॅदरिंगला, दशावताराला लागणारे पोशाख तिथे भाड्याने मिळत. अलीकडे लोअर परळच्या काचेच्या इमारतींतली पोरंही येत. त्यांना ऑफिसात एक दिवस पेशवा व्हायचं असे. परब त्यांना पगडी चढवून देत आणि मंडळी गल्लीच्या तोंडाशी पोचली की या नव्या पेशव्यांच्या पोटांबद्दल दोन शब्द बोलत.

माणूस तिखट होता. शेल्यावर आमटी सांडून आणणाऱ्याला त्यांनी जन्मात माफ केलं नाही. पण त्याच तिखट माणसाच्या पायावर डोकं टेकून संकासूर झोपला, की दुकानात गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी परब जागचे हलत नसत. “बघताय ना, झोपलाय तो,” एवढंच सांगत. मग गिऱ्हाइकाने आपल्या हाताने पेटी उघडून हवं ते काढून घ्यायचं.

संकासूर म्हणजे कुत्रा. कोकणात शिमग्याला अंगभर काळा पोशाख चढवून जो संकासूर नाचतो, त्याच्यासारखा नखशिखांत काळा, म्हणून हे नाव. हाक मारायला संक्या. तो दुकानात राही म्हणून परबांचा, असं परब म्हणत. पण दुपारचा भात त्याला लागे तो दुसऱ्या मजल्यावर शेवंतीवहिनींच्या हातचा. शेवंतीवहिनी म्हणजे परबांच्या वरच्या बिऱ्हाडाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारीणबाई, वयाने परबांपेक्षा आठदहा वर्षांनी मोठ्या, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला, मुलगी लग्न होऊन शीवला. गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा तरुण दौलतच्या ताटात या बाईने आपल्या ताटातला भात वाढला होता, आणि तो विषय पुढे कधीच काढला नव्हता. त्यामुळे जगाशी वाकड्यात शिरणारे परब शेवंतीवहिनींपुढे मात्र मवाळ होत. त्यांच्या शब्दाबाहेर आपण गेलो तर ताटातला तो भात बाधेल, असं त्यांना वाटायचं.

तर हा संक्या पावसाळा सरता सरता आजारी पडला. परबांनी वडाळ्याला एक गाळा जास्तीच्या पेट्या ठेवायला घेतला होता, शेजारी म्हशींचा गोठा. तिथे संक्या त्यांच्याबरोबर जाई आणि तिथल्या जाडजूड चावऱ्या माश्यांवर भुंकत बसे. काही आठवड्यांनी त्याने एकदा भात हुंगला आणि तोंड फिरवलं. अंग तव्यासारखं तापलेलं.

तळमजल्यावरच्या हितेंद्रला होमिओपॅथीचा नाद होता. त्याने साबुदाण्याएवढ्या गोळ्या दुधातून दिल्या. तीनचार दिवसांत ताप उतरला. संक्या उठला, अंग झाडलं, आणि गल्लीत एका स्कूटरच्या मागे धावून आला. हितेंद्र आठवडाभर चाळीत सगळ्यांना नाडी दाखवायला सांगत फिरत होता.

मग ताप पुन्हा आला. या वेळी शेवंतीवहिनींनी कारभार हातात घेतला. त्यांच्या गावच्या देवीचा कौल घ्यायची रीत होती. देवीच्या पाषाणाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो आणि मग सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवी पाकळी आधी सुटून पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं लग्न, घराचा व्यवहार, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं शेवंतीवहिनींनी तिला विचारून केलेलं. आता गावी जाणं गुडघ्यांना झेपत नव्हतं, पण बुधाजी गुरवाकडे मोबाइल आला होता. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, संक्याला फोनसमोर धरलं आणि विचारायला सांगितलं, “ह्याचो ताप जातलो काय?”

उजवी पाकळी पडली. दुसऱ्या दिवशी ताप गेला. शेवंतीवहिनींनी संक्याच्या कपाळी अंगारा लावला, दिवाळीनंतर देवीला नारळ आणि साडी कबूल केली आणि एक पथ्य सांगितलं: अंगारा लागलाय, आता देवीच्या हातातलं काम आहे, मध्ये दुसऱ्या कोणाचं औषध नको.

या पथ्याला हरकत घेतली ती परबांच्या सुनेने. मृणालिनी दादरची. वडील आणि आजोबा दोघेही कचेरीतले, घरात जेवतानासुद्धा पूर्ण वाक्यात बोलायची सवय. वैभवशी लग्न करून ती लालबागला आली तेव्हा परबांना धास्ती वाटली होती, की ‘इलेलो’ नव्हे, ‘आलेला’ म्हणा, असं ही आता आपल्याला शिकवणार. तिने तसलं काही केलं नाही. उलट पहिल्याच महिन्यात ती जेवताना सुकटीच्या किसमुरीवरून त्यांच्याशी बरोबरीने भांडली, त्यामुळे ती त्यांना आवडली. ती परळच्या एका प्रयोगशाळेत काम करी. कसलं, ते परबांना विचारलं तर ते सांगत, “उंदरांना आजारी पाडते आणि मग त्यांची काळजी करते.”

“बाबा, ताप येतो, जातो, परत येतो. हे बरोबर नाही,” ती म्हणाली. “एकदा रक्त तपासून घेऊ. नुसतं तपासायचं, औषध नाही.”

तपासणीने पथ्य मोडत नाही, असं परबांनी स्वतःशी ठरवलं आणि वैभवबरोबर संक्याला जनावरांच्या डॉक्टरकडे धाडलं. रक्ताच्या काचपट्टीवर काही निघालं नाही. त्या दिवशी शेवंतीवहिनींनी संक्याच्या भातावर तुपाची धार जरा जास्तच मोठी धरली.

मग तिसऱ्यांदा ताप आला. संक्याच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. पाय सुजले होते. आणि उजव्या डोळ्यावर निळसर दुधी पडदा आला होता. भुंकायला गेला तर आवाज घशातच अडकत होता. परब दुकान उघडत आणि नुसते बसून राहत. एका शाळेला त्यांनी मावळ्यांऐवजी गवळणींचे कपडे बांधून दिले आणि मास्तरांचा फोन आला तर त्यांच्यावरच खेकसले.

मृणालिनी त्या दिवशी कामावरून दुपारीच घरी आली. संक्याचा तो डोळा तिने बघितला आणि त्याच्याजवळ खाली बसली. मग पर्समधून काचपट्टी आणि सुई काढली, संक्याच्या कानाच्या टोकाला टोचून एक थेंब घेतला, आणि उलटपावली परळला गेली. संध्याकाळी परत आली ती थेट दुकानात.

“बाबा, हे बघा.” तिने फोन पुढे केला. सूक्ष्मदर्शकातून घेतलेला व्हिडिओ होता. फिकट गोल गोल पेशी दाटीवाटीने पडल्या होत्या आणि त्यांच्यामधून चपट्या रिबिनीसारखं काहीतरी वळवळत, पेशींना धक्के देत चाललं होतं. एक नाही, बरेच.

“हे संक्याच्या अंगात?”

“हो. गोठ्यातल्या माश्यांनी दिलं असणार. गुरांना, घोड्यांना होतो हा रोग, कुत्र्यांनाही. माणसांना सहसा होत नाही. आणि बाबा,” तिचे डोळे भरून आले, “मी ह्याच जातीच्या परजीवीवर काम करते. सहा वर्षं रोज बघते. आणि घरच्या कुत्र्यात मला महिनाभर दिसला नाही. मागच्या वेळी रक्त ताप उतरल्यावर घेतलं, तेव्हा तो रक्तात जवळजवळ नसतोच. मला कळायला हवं होतं.”

परबांना सुनेचं रडू आवडत नसे, म्हणून त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि दरडावून विचारलं, “मग ताप उतरला कशाने? हितेंद्रच्या गोळ्यांनी नाही, अंगाऱ्याने नाही, तर कशाने?”

“संक्याच्या स्वतःच्या अंगाने उतरवला. दोन्ही वेळा.” मृणालिनीने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि दांडीवरचा एक हिरवा अंगरखा ओढला. “काही जंतू पेशीच्या आत दडून बसतात. मलेरियाचा तसा. हा दडत नाही, रक्तात उघडा फिरतो. शरीराचे पोलीस त्याला पकडतातही. पण पोलिसांकडे काय असतं? फक्त कपड्यांचं वर्णन. त्याच्या अंगावर वरून खालपर्यंत एकच पोशाख असतो. समजा पहिल्या आठवड्यात सगळे हिरव्यात आहेत. शरीराला हिरवा ओळखायला काही दिवस लागतात. मग ते हिरवा दिसेल त्याला मारत सुटतं. जवळजवळ सगळे मरतात, ताप उतरतो.”

“आणि हितेंद्र पेढे वाटतो.”

“आणि त्या गर्दीत दोघाचौघांनी आधीच लाल घातलेला असतो.” तिने शेजारचा लाल शेला ओढला. “कोणी हुकूम दिला म्हणून नव्हे. त्यांच्यात अधूनमधून कोणीतरी असाच कपडे बदलतो. पोलीस हिरवे शोधत असतात, लाल समोरून निघून जातात. त्यांची पिलावळ वाढते, पुन्हा ताप. शरीर लाल ओळखायला शिकतं, तोवर कोणीतरी पिवळा चढवलेला असतो.”

परबांचं तोंड उघडं राहिलं. धंद्यातला माणूस, त्यामुळे पुढचा प्रश्नही धंद्यातलाच आला. “किती पोशाख आहेत त्याच्याकडे?”

“हजाराच्या वर.”

“संपतील की कधीतरी.”

“त्यातले बरेचसे फाटके असतात, तसेच्या तसे घालता येत नाहीत. मग त्यांचे तुकडे जोडून नवे शिवतो. एकाची बाही, दुसऱ्याचा काठ.”

परबांनी नकळत शिवणयंत्राकडे पाहिलं. यंत्राच्या सुईखाली रावणाच्या जुन्या झग्याचा बरा राहिलेला भाग होता आणि त्याला ते गेले दोन दिवस कैकेयीच्या साडीचा काठ लावत होते. उद्या हा पोशाख कुठल्याशा मंडळात जाणार होता आणि तिथे कोणाच्या बापाला ओळखू येणार नव्हता.

“मेला धंद्यातला आहे,” ते पुटपुटले. त्या पुटपुटण्यात थोडा आदरही होता, आणि तो लक्षात येऊन त्यांचा त्यांनाच राग आला.

“अजून ऐका. पोलिसाने अंगाला हात घातला, तर हा इतक्या जोरात पोहतो की तो हात मागे मागे सरकत शेपटाकडे जातो आणि तिथे हा तो गिळून टाकतो. आणि फार दिवस गेले की शरीर थकतं. आधी ओळखलेले कपडेसुद्धा विसरायला लागतं. उंदरांत आम्ही बघितलंय. तसं झालं की मग,” ती थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं आणि परबांना ऐकायचं नव्हतं.

संक्या यंत्राखाली पडून होता. याच कुत्र्याला आजवर कपड्यांनी एकदाही फसवलं नव्हतं. नरसिंहाचा मुखवटा चढवून आलेल्या वैभवला तो वासावरून ओळखून शेपूट हलवी, आणि साधूच्या वेषातला नट, ज्याने त्याला एकदा लाथ मारली होती, तो परत राजा होऊन आला तरी त्याच्यावर गुरगुरे. आणि त्याच्याच अंगात हे असं चाललेलं. परबांना हा फार मोठा अन्याय वाटला.

“औषध आहे?”

“आहे. इंजेक्शन. औषध कपडे बघत नाही, बाबा. वरून काहीही घातलेलं असो, आतला जीव तोच. ते आत जातं. डॉक्टरांशी बोलले मी. वजन करून द्यावं लागतं, थोडा त्रास होतो त्याने, पण उशीर नको म्हणाले. उद्या सकाळी ते दवाखान्यात आहेत. डोळ्यापर्यंत पोचलाय म्हणजे पुढे डोक्यापर्यंत जायला वेळ लागणार नाही.”

“उद्या नेऊ,” परब म्हणाले. आणि मग त्यांना संक्याच्या कपाळावर शेवंतीवहिनींनी सकाळीच पुन्हा लावलेला अंगारा दिसला.

वर जाऊन त्यांनी शेवंतीवहिनींना सगळं सांगितलं. स्वतःच्या परीने सांगितलं, हिरवे अंगरखे, लाल शेले, बाह्या आणि काठ, पोलीस आणि गिळलेले हात. शेवंतीवहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांच्या मांडीवर संक्याच्या कपाळावर ठेवायची ओली फडकी होती. गेले चार दिवस त्या ती बदलत होत्या, आणि दिवसातून कितीदा जिना चढउतर करत होत्या ते त्यांच्या गुडघ्यांनाच ठाऊक.

“म्हंजे देवी खोटा बोलली?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“नाय वयनी. आपण इचारला, ताप जातलो काय. ताप गेलो. परत येतलो काय, ता आपण खंय इचारला?”

शेवंतीवहिनींना हे पटलं. चूक देवीची नव्हती, विचारणाऱ्याची होती, आणि विचारणाऱ्याची चूक सुधारता येते. “तर मगे परत इचारूया. नीट इचारूया. सुई देवची काय नाय. उद्या सकाळी बुधाजीची पूजा झाली काय लावतंय फोन.”

परब “बरां” म्हणाले आणि घरात आले. आत बायको, रखमा, भात उकरत होती आणि मृणालिनी ओट्याशी उभी होती. पातळ भिंतीतून सगळं ऐकू आलेलं होतं.

“आणि डावा कौल आला तर?” मृणालिनीने विचारलं.

परब पाणी प्यायले. त्यांनी पेला विसळला. पुन्हा पाणी प्यायले. “उजवाच येईल,” ते म्हणाले.

 मृणालिनीने घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं. रखमा नवऱ्याकडे वळून म्हणाली, “एवढा मोठा ड्रेपरीवाला, आणि एक हो किंवा नाही अंगावर घालता येत नाही.” परब जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले, पण भूक होती.

सकाळी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत माणसं जमली. हितेंद्रही वर आला होता, गोळ्यांची डबी खिशात. संक्याला गोधडीवर आणून ठेवला होता. त्याने मान उचलली नाही, फक्त शेवंतीवहिनी जवळ आल्या तेव्हा शेपटाचं टोक एकदा हललं. वैभवने खाली टॅक्सी बोलावून ठेवली होती आणि टॅक्सीवाला वर बघत विचारत होता, “आ रहे हो ना?” मृणालिनी कठड्याला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी होती. 

फोन लागला. देवळाच्या काळोखात समईच्या उजेडात देवीचा पाषाण दिसला. बुधाजीने पाकळ्या भिजवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. “गे आये, मुंबयत तुझी लेकरां आसत. तेंच्या घरातलां मुकां जनावर दुखण्यान पडलां आसा.”

“व्हय म्हाराजा,” लालबागच्या गॅलरीतून उत्तर गेलं.

“आज ती तुका इचारतत, तेका सुई देवची काय? बरा तां सांग, आणि लेकरांका वाट दाखव.”

“व्हय म्हाराजा.”

 पाकळ्या ओल्या होत्या, हलत नव्हत्या. पडद्यावर चित्र मधूनच थिजे आणि पुन्हा चालू होई. परब त्या दोन पाकळ्यांकडे बघत होते आणि त्यांच्या मनात येत होतं, की आपण साठी ओलांडलेला माणूस, गिरणी पाहिली, संप पाहिला, आणि आज एका पाकळीला घाबरून उभे आहोत. गोधडीवर संक्याचा श्वास घरघरत होता. 

“भावजी,” शेवंतीवहिनी फोनवरची नजर न हलवता म्हणाल्या. “उजवो कौल इलो तर सुई देतलात?”

“देतलंव, वयनी.”

“आणि डावो इलो तर?”

काल मृणालिनीने हेच विचारलं होतं आणि काल पाणी पिऊन वेळ मारून नेता आली होती. आता हातात पेला नव्हता. परबांनी मृणालिनीकडे पाहिलं नाही, देवीकडे पाहिलं नाही. त्यांनी शेवंतीवहिनींच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं. ते परबांच्याच दुकानातल्या एका जुन्या शेल्याचं होतं.

“तरी देतलंव,” ते म्हणाले. “माका माफ करा वयनी. तुमचो शबूद मी कधी मोडूक नाय. पण डावो इलो तरी देतलंव.”

 शेवंतीवहिनींनी मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. रागाने नव्हे. एखादी मोठी बहीण धाकट्याला बऱ्याच वर्षांनी बघते आणि हा एवढा कधी वाढला असं तिच्या मनात येतं, तसं.

“मगे तिका इचारतंव कित्याक?” त्या म्हणाल्या. “तुमी आदीच ठरवलास. मी पण रात्रीच ठरवलंय, पण तोंडातसून भायर येना. ठरवून बसलेल्या माणसान देवाक इचारू नये. तो अपमान. एखादवेळ ती नाय म्हणाली आणि आपण तरी केला, तर तिची काय अब्रू ऱ्हवली?” मग फोनकडे वळून मोठ्याने, “बुधाजी, पाकळ्यो काड रे. दोनय. पडूच्या आदी काड.”

“अगो, पण कौल,” तिकडून बुधाजी गांगरून म्हणाला.

“काड म्हणतंय ना.”

बुधाजीचा हात पडद्यावर आला आणि दोन्ही पाकळ्या निघाल्या. शेवंतीवहिनींनी फोन बंद करून हितेंद्रच्या हातात दिला, पदर खोचला आणि खाली वाकून संक्याला उचलायला गेल्या. गुडघे ऐकेनात. तेव्हा मृणालिनी धावली. एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने परबांनी गोधडीची टोकं धरली आणि मागे शेवंतीवहिनी, अशी तिघं जिना उतरायला लागली. उतरताना मृणालिनी रडत होती. परबांनी तिला दरडावलं नाही, कारण त्यांना स्वतःला पायऱ्या धूसर दिसत होत्या.

दवाखान्यात संक्याचं वजन झालं. ते ऐकून परबांना वाईट वाटलं, त्यांच्या लेखी हा कुत्रा सिंहाएवढा होता. सुई टोचताना शेवंतीवहिनींनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि त्याच्या कानात मालवणीतून डॉक्टरांना शिव्या दिल्या. डॉक्टर मूळचे वेंगुर्ल्याचे निघाले. त्यांना सगळ्या समजल्या, त्यांनी हसून मान खाली घातली.

त्या दिवशी संक्या अर्धमेला पडून राहिला आणि परबांनी सुनेकडे दहादा संशयाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो पाणी प्यायला. चौथ्या दिवशी त्याने शेवंतीवहिनींच्या हातचा पेजभात खाल्ला, सगळा नाही, पण वाटी चाटली. डोळ्यावरचा पडदा हळूहळू विरळ होत गेला. या वेळीही ताप गेला, पण कोणी नाडी बघत फिरलं नाही. हितेंद्र म्हणाला की त्याच्या गोळ्यांनी पाया घातला होता. रखमाने त्याला चहा दिला आणि गप्प बसवलं.

दोन आठवड्यांनी मृणालिनीने पुन्हा कानाचा थेंब नेला. संध्याकाळी येऊन सांगितलं, काचपट्टी स्वच्छ आहे. आणि मग तिच्या सवयीप्रमाणे पूर्ण वाक्यात सांगितलं, की स्वच्छ काचपट्टीवर आपण एकदा फसलो आहोत, हा परजीवी रक्तातून नाहीसा होऊन कातडीत, चरबीत दबा धरून बसू शकतो, त्यामुळे अजून काही महिने रोज त्याचं अंग बघायचं, डोळा बघायचा, आणि तापाची नुसती शंका आली तरी मला लगेच फोन करायचा, ताप उतरायची वाट बघायची नाही. शेवंतीवहिनींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. परबांनी तेच पुन्हा कपड्यांच्या भाषेत समजावायला सुरुवात केली तर त्या म्हणाल्या, “कळला माका. ती नीट सांगता, तुमी घोळ घालतात.”

त्याच रविवारी त्यांनी बुधाजीला फोन लावला. परब, मृणालिनी आणि गोधडीवरचा संक्या त्यांच्याच खोलीत होते.

“काय इचारूचा आसा?” बुधाजीने पाकळ्या भिजवायला घेतल्या.

“इचारूचा काय नाय. आज नुसता सांगूचा आसा. तिका सांग, संक्या जेवता. डोळो बरो आसा. नारळ आणि साडी कबूल केलेली ती मी दिवाळीनंतर धाडतंय, ती काय बुडवूची नाय.”

“सांगतंय.”

“आणि ह्या पण सांग. तो मेलो अजून पुरतो गेलो काय नाय ता ठाऊक नाय. परत येतलो तर येगळे कपडे घालून येतलो.”

“कोण येतलो?” बुधाजी पुरता गोंधळला.

“तू नुसता सांग. ती समाजतली.” शेवंतीवहिनींनी फोन जरा लांब धरून मृणालिनीला विचारलं, “किती म्हयने गो?”

“तीन तरी,” मृणालिनी म्हणाली.

“तीन म्हयने,” शेवंतीवहिनी फोनमध्ये म्हणाल्या. “आमी हंय बघतंव. तिका सांग, तवर तुया पण हेच्यार डोळो ठेव.”